हिवाळ्यात डोंगरातून वाफेच्या इंजिनाची सफर: खरी कुठे मिळते?

अंकाईकर (४ नोव्हेंबर, रात्री ९.१०)

माझे वडील सत्तरच्या दशकात मनमाड–औरंगाबाद मीटरगेज मार्गावर वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते. पुढे डिझेल आले, रूळ ब्रॉडगेज झाले, आणि वडील निवृत्त होऊन आता नाशिकरोडला आमच्याकडे राहतात. येत्या जानेवारीत त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. निवृत्तीनंतर त्यांनी रेल्वेच्या पासावर काशी केली, रामेश्वर केले, पण वाफेच्या इंजिनामागच्या डब्यात ते गेल्या कित्येक वर्षांत बसलेले नाहीत. या वाढदिवसाला त्यांना तशा एका सफरीला घेऊन जावे, असा माझा आणि बहिणीचा विचार आहे.

अडचण अशी की, जाहिरातींत धूर सोडणारे इंजिन दिसते आणि खाली बारीक अक्षरांत भलतेच काही लिहिलेले असते. म्हणून येथील जाणकारांना विचारतो. ज्यात खरोखर पाणी उकळते आणि खरोखर चढ चढला जातो, असा डोंगरी मार्ग आपल्या देशात आज कोणता उरला आहे? दुसरे म्हणजे, जानेवारीची थंडी वयस्कर माणसाला झेपेल का, की हा बेत उन्हाळ्यावर ढकलावा? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणे नको. हाताशी आठ दिवसांची रजा आहे.

माथेरान आम्ही चार वेळा केले आहे, तेव्हा कृपया ते सुचवू नये.

थंडगार_निफाड (४ नोव्हेंबर, रात्री ९.३२)

थंडीच हवी असेल तर जानेवारीत पहाटे आमच्या द्राक्षबागेत या. बागेला गारठा लागू नये म्हणून आम्ही शेकोट्या पेटवतो. धूर, कोळसा, जागरण असे सगळे फुकट मिळेल; फक्त रूळ नाहीत.

कोळसा_आणि_पाणी (४ नोव्हेंबर, रात्री ११.०५)

अंकाईकर, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो. मी रेल्वेच्या यांत्रिक विभागातून निवृत्त झालो आहे. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची सेवा १९९५ मध्ये संपली. आज डोंगरात तिकीट काढून वाफेमागे बसायचे असेल, तर दार्जिलिंग आणि निलगिरी ही दोनच नावे खात्रीने घेता येतात.

दार्जिलिंगचा मार्ग दोन फुटी गेजचा असून तो १८८१ मध्ये दार्जिलिंगपर्यंत पोहोचला. न्यू जलपाईगुडीहून वर येणारी पूर्ण प्रवासाची गाडी डिझेलवर चालते, हे आधीच लक्षात घ्यावे. वाफेचे इंजिन मिळते ते दार्जिलिंग ते घूम आणि परत या दोन तासांच्या ‘जॉय राइड’मध्ये. तीही वाफेची वेगळी आणि डिझेलची वेगळी असते, आणि वाफेची महाग असते. आरक्षण करताना लोक हमखास येथेच चुकतात. इंजिन बी वर्गाचे, चार चाकांचे, पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. या वर्गाचा आराखडा १८८९चा आहे.

निलगिरीचा मार्ग मीटरगेज, मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर. त्यातही वाफ कुन्नूरपर्यंतच. पुढे उटीपर्यंत डिझेल. परंतु त्या पहिल्या टप्प्यात कल्लार ते कुन्नूर दातेरी रूळ आहे आणि चढ साडेबारास एक आहे, म्हणजे साडेबारा फूट पुढे गेले की एक फूट वर. तुलनेसाठी सांगतो, आपला कसारा घाट सदतीसास एक आहे आणि तेथेही गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिने, लावावी लागतात.

कालका–शिमला मार्गावर १९०५चे एक वाफेचे इंजिन अजून चालते, पण शिमला ते कैथलीघाट एवढेच, आणि तेही कोणी संपूर्ण गाडी आरक्षित केली तर. चार माणसांच्या कुटुंबाला ते परवडण्यासारखे नाही.

ओझरवाली (५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०)

मी निलगिरीला दोनदा गेले आहे, म्हणजे एकदा गेले आणि एकदा जाऊ शकले नाही. पहिल्या वेळी नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही कल्याणला गाडी बदलून कोइंबतूरला पोहोचलो, तेथून मेट्टुपालयमला मुक्काम केला आणि पहाटे स्थानकावर गेलो, तर दरड कोसळल्यामुळे गाडी रद्द असल्याची पाटी लावलेली होती. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस विसरला जातो. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. त्यामुळे हिवाळ्यात जायचेच असेल, तर जानेवारीच्या मध्यानंतर जावे.

दुसऱ्या वेळी फेब्रुवारीत गेलो आणि गाडी मिळाली. सकाळी सातच्या सुमारास गाडी सुटते. इंजिन पुढे नसून मागे असते आणि ते डबे वर ढकलते, हे मला ठाऊक नव्हते. मी मोठ्या हौसेने पहिल्या डब्यात जागा धरली होती. पुढे दरी छान दिसली, परंतु इंजिन दिसले ते फक्त वळणांवर. कल्लारनंतर गाडी दातेरी रुळावर चढते, तेव्हा पायाखालच्या फळ्यांतून एक वेगळीच खरखर जाणवू लागते. वेग इतका कमी की कडेच्या खडकावरचे शेवाळ नीट न्याहाळता येते. हिलग्रोव्हला गाडी पाणी घेण्यासाठी थांबते. आम्ही चहा घेतला, आणि माझ्या हातातले बिस्किट माकडाने घेतले.

कुन्नूरपर्यंत साधारण साडेतीन तास लाकडी बाकावर बसावे लागते. काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता, अंकाईकर, मी दार्जिलिंगकडे झुकेन.

सराफ_गल्ली (५ नोव्हेंबर, सकाळी १०.४८)

विरोधी मत नोंदवतो. हिवाळ्यात डोंगरी गाडीत बसून काय मिळते? थंडीमुळे सगळे प्रवासी काचा लावून घेतात, काचांवर वाफ धरते, बाहेर धुके. दार्जिलिंगला मी ख्रिसमसच्या आठवड्यात गेलो होतो. दोन तासांत मला समोरच्या प्रवाशाची माकडटोपी सोडल्यास काहीही दिसले नाही. त्याच पैशांत मे महिन्यात उघड्या खिडकीशी बसता आले असते. वयस्कर माणसांना मुद्दाम गारठ्यात नेण्यामागचे प्रयोजन मला समजलेले नाही.

कोळसा_आणि_पाणी (५ नोव्हेंबर, दुपारी १.१५)

सराफ_गल्ली, आपली तक्रार धुक्याविषयी असेल तर मान्य. परंतु वाफेचे इंजिन पाहायचे असेल तर हिवाळ्याला पर्याय नाही, आणि यामागे भावना नसून कारण आहे.

आपण ज्याला वाफ म्हणतो तो पांढरा ढग प्रत्यक्षात वाफ नसतोच. खरी वाफ दिसत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह (बॉयलरमधला जादा दाब सोडणारी झडप) उडतो तेव्हा नीट पाहा: तोटीच्या तोंडाशी वीतभर जागा रिकामी दिसते आणि त्यानंतर पांढरा लोट सुरू होतो. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत वाफ असते. वर दिसतात ते हवेत थंड होऊन बनलेले पाण्याचे थेंब. मे महिन्याच्या कोरड्या गरम हवेत हे थेंब बनताक्षणीच विरून जातात आणि इंजिन नुसतेच उभे आहे असे वाटते. जानेवारीच्या सकाळी तेच इंजिन तोच कोळसा जाळून डब्यांवरून मागेपर्यंत ढग पसरवते. सिलिंडरमधून काम करून बाहेर पडलेली वाफ धुराड्यातून फेकली जाते, आणि तिच्याच ओढीने भट्टीला हवा मिळते. म्हणजे इंजिन जितके कष्ट करते तितकी भट्टी आपोआप फुलते. हा श्वास हिवाळ्यात डोळ्यांनी मोजता येतो.

गाडी सुटताना इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत जे फवारे सुटतात, तेही थंडीत अधिक असतात. उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वाफ थंड होऊन पाणी साचते. पाणी दाबले जात नाही; ते आत राहिले तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते. म्हणून ड्रायव्हर ड्रेन कॉक उघडे ठेवून ते पाणी बाहेर काढतो आणि मग ते बंद करतो. छायाचित्रकारांना ती शोभा वाटते. आमच्या दृष्टीने ते नळ उघडणे आहे.

राहता राहिला धूर. धुराड्यातून काळाकुट्ट धूर येत असेल तर त्याचा अर्थ कोळसा नीट जळत नाही, म्हणजे फायरमन कच्चा आहे. चांगल्या फायरमनच्या इंजिनाला काळा धूर येत नाही.

तात्पर्य, अंकाईकर, जानेवारीतच जा, इंजिनालगतचा डबा घ्या, आणि शेजाऱ्यांनी कितीही डोळे वटारले तरी खिडकी उघडी ठेवा.

देवळाली_कॅम्प (५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०)

माथेरान सुचवू नये असे लिहिले आहे, तरी राहवत नाही. नेरळ–माथेरान मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला, एका खाजगी घराण्याने स्वतःच्या पैशाने डोंगरात रूळ टाकले, आणि आपल्याला तो घराजवळचा. तेथे हल्ली वाफेच्या इंजिनासारखे दिसणारे इंजिनही लावतात. लहान मुले टाळ्या पिटतात. त्यात वाईट काय आहे? राजस्थानात मारवाड–खामलीघाट मार्गावरही २०२३ पासून अशीच गाडी धावते आणि ती भरून जाते.

पंचवटीचा_पासधारक (५ नोव्हेंबर, सायंकाळी ७.०२)

वाफेसारखे दिसणारे डिझेल म्हणजे मिसळीवर लाल रंग टाकून तिला झणझणीत म्हणण्यासारखे आहे.

ओझरवाली (५ नोव्हेंबर, रात्री ८.१७)

देवळाली_कॅम्प, वाईट एवढेच की सांगितले जात नाही. माझ्या मामेभावाने एका सहल कंपनीकडे, नाव घेत नाही, ‘वाफेच्या गाडीची डोंगर सहल’ म्हणून सात जणांचे पैसे भरले होते. माहितीपत्रकावर धुराडे होते, पांढरा लोट होता. प्रत्यक्षात समोर आले ते डिझेल, आणि त्याच्या माथ्यावरच्या खोट्या धुराड्यातून अधूनमधून नाटकातल्यासारखा धूर. मामांनी डब्यातून उतरून धुराड्याकडे पाहिले, इंजिनाला हात लावला, आणि ‘हे तर गारच आहे की’ असे म्हणून परत येऊन बसले. तक्रार केली तेव्हा कंपनीने उत्तर दिले की, आम्ही ‘वाफेचे रूप’ असे लिहिले होते. लिहिले होतेही, तळाशी.

देवळाली_कॅम्प (५ नोव्हेंबर, रात्री ८.४०)

फसवणुकीचे समर्थन मी करत नाही. परंतु माथेरानच्या जुन्या जर्मन इंजिनांनी १९०७ पासून पाऊणशे वर्षे काम केले, ती थकली. आता रोजच्या गाडीला तेवढे सुटे भाग, तेवढे पाणी आणि तेवढी माणसे कोठून आणायची? देखावा चालू राहिला तर निदान मुलांना विचारावेसे तरी वाटते की पूर्वी हे कसे चालत असे. माझ्या नातीने तसे विचारले, आणि मला नीट उत्तर देता आले नाही, हेही कबूल करतो.

पंचवटीचा_पासधारक (६ नोव्हेंबर, सकाळी ८.५५, कसाऱ्याला बँकर लागेपर्यंत लिहून होईल)

एक वेगळा प्रश्न. आपण नाशिककर वर्षानुवर्षे थळ घाटातून, म्हणजे कसारा घाटातून, ये-जा करतो. हिवाळ्यात सकाळी इगतपुरी सोडली की दरीत धुके पसरलेले असते, एहेगावचा पूल त्यातून डोके काढतो. हा मार्ग १८६५चा. मग कुठल्या तरी रविवारी कसारा ते इगतपुरी एक वाफेची गाडी का सोडत नाहीत? दार्जिलिंगला जाण्याचा खटाटोप वाचेल.

(चूक दुरुस्त करतो: कसाऱ्याला बँकर मुंबईहून येताना लागतात. मी जाताना लिहीत आहे. बारा वर्षांच्या पासधारकाने अशी चूक करू नये.)

कोळसा_आणि_पाणी (६ नोव्हेंबर, दुपारी १२.३०)

कल्पना सुंदर आहे आणि अशक्य नसली तरी फार अवघड आहे. कसारा–इगतपुरी विभागात १९३० मध्येच वीज आली. तेव्हा विजेचे इंजिन इगतपुरीला सुटत असे आणि भुसावळच्या दिशेने वाफेचे जोडले जात असे. म्हणजे खुद्द घाटात वाफेचे नियमित काम संपून आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. पाण्याचे नळखांब गेले, राख काढण्याचे खड्डे गेले, इंजिनाचे तोंड फिरवणारी फिरवचकती गेली. इंजिनाला कोळशापेक्षा पाण्याची निकड अधिक असते, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. शिवाय हा मुंबईहून उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग. सदतीसास एकच्या चढावर एक गाडी कूर्मगतीने रेंगाळली, तर तिच्यामागे किती गाड्या अडकतील याचा अंदाज पासधारकांनीच करावा.

पंचवटीचा_पासधारक (६ नोव्हेंबर, दुपारी १२.४१)

माझी सूचना मी तातडीने मागे घेतो.

गंगापूर_रोड (७ नोव्हेंबर, रात्री १०.२०)

विषय आपल्या देशापुरता आहे हे ठाऊक असूनही, बर्फातली वाफ पाहिलेली असल्याने लिहितो. मुलगा जर्मनीत असतो. गेल्या फेब्रुवारीत त्याने मला आणि हिला हार्झ डोंगरात नेले. तेथे वेर्निगेरोडेहून ब्रॉकेन शिखरावर मीटरगेज गाडी जाते. शिखर ११४१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने ठेंगणे. परंतु तेथे वर्षातले बहुतेक दिवस धुके आणि हिवाळ्यात कमरेएवढे बर्फ. गाडी बाराही महिने वाफेवर चालते, वादळ फार झाले तर अलीकडच्या स्थानकावर थांबवतात. पूर्व जर्मनीच्या काळात हे शिखर सीमेवर असल्याने १९६१ पासून सामान्य माणसाला तेथे जाण्यास बंदी होती. भिंत पडल्यानंतर मार्ग पुन्हा खुला झाला.

डब्यांच्या टोकाला उघडा सज्जा असतो. मी हट्टाने तेथे उभा राहिलो. सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांवर बर्फ, आणि इंजिनाचा लोट झाडांतून मागे येताना फांद्यांवरचे बर्फ भुरभुर खाली पडे. दहा मिनिटांत मिशीवर दव गोठले. हिने आतून काच ठोकून खुणेने विचारले, ‘वेड लागले का?’ मी खुणेनेच हो म्हटले. कानांना मात्र जे मिळाले ते आत बसून मिळाले नसते. चढ वाढला की ठोके एकेक सुटे होतात, मोजता येतात; मध्येच चाके घसरली की एकदम दहा-बारा ठोके सांडतात, मग ड्रायव्हर वाफ सोडणारा रेग्युलेटर आवळतो आणि पुन्हा मोजून मापून सुरुवात होते.

सराफ_गल्लींना एवढेच सांगेन की, काचेआडून पाहिलेली वाफेची गाडी आणि बसमधून पाहिलेली पंढरीची वारी यांत फारसा फरक नाही.

सराफ_गल्ली (७ नोव्हेंबर, रात्री १०.५५)

मुद्दा पोहोचला. परंतु आणखी एक प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून विचारतो. दार्जिलिंगचा रूळ भर बाजारातून, दुकानांच्या उंबऱ्याला लागून जातो. तेथील लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि छातीत जो धूर जातो, त्याचे काय? आपण दोन तास हौस करून परत येतो. ते तेथेच राहतात.

कोळसा_आणि_पाणी (८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०)

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. निलगिरीची बरीच इंजिने कोळशाऐवजी तेलावर चालवली जातात. त्यामुळे ठिणग्यांनी जंगल पेटण्याचा धोका कमी होतो आणि धूरही आटोक्यात राहतो. दार्जिलिंगला कोळसा आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये त्या मार्गाला जागतिक वारसा म्हटले, आणि वाफेची इंजिने हा त्या वारशाचा ठळक भाग आहे. वारसा जपायचा आणि धूर नको, या दोन्ही गोष्टी एकाच भट्टीत शिजत नाहीत.

अंकाईकर (९ नोव्हेंबर, रात्री ९.४५)

सर्वांचे मनापासून आभार. काल वडिलांना बेत सांगितला. त्यांचे पहिले वाक्य होते, ‘ज्या धुराने खोकला लावला, तो पैसे देऊन खायला इतक्या लांब कोण जाते?’ आई म्हणाली, झाले, आटोपले. अर्ध्या तासाने ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, ‘इंजिन कोणते लावतात तिकडे?’ बी वर्ग म्हटल्यावर त्यांनी विचारले की कोळसा कुठे ठेवतात, टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) तर नसणार. मला उत्तर देता आले नाही. दार्जिलिंग नक्की केले आहे.

कोळसा_आणि_पाणी (९ नोव्हेंबर, रात्री १०.३०)

त्यांना सांगा, टेंडर नाही. कोळसा इंजिनावरच, बॉयलरच्या माथ्यावर ठेवतात. आणि हेही सांगा की पूर्वापार त्या छोट्या इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमनखेरीज आणखी तिघे असत: एक कोळसा फोडणारा आणि दोघे पुढच्या बाजूला बसून रुळांवर हाताने वाळू टाकणारे. हिवाळ्यात दवाने रूळ ओले झाले की त्या दोघांवर सगळी भिस्त.

आरक्षण आयआरसीटीसीवर करताना वाफेचीच गाडी निवडली आहे ना, हे दोनदा तपासा. सकाळची फेरी घ्या. कांचनजंगा दिसण्याची शक्यता सकाळी अधिक असते. दार्जिलिंगहून घूमला जाताना चढ आहे, येताना उतार. त्यामुळे कान जाताना उघडे ठेवायचे.

ओझरवाली (१० नोव्हेंबर, सकाळी ७.०५)

काकूंसाठी गरम पाण्याची पिशवी न्यावी. आणि पांढरे स्वेटर कोणीही घालू नये.

अंकाईकर (२८ जानेवारी, रात्री ९.१५)

धागा वर आणत आहे. आम्ही परवा परतलो. ज्यांनी मार्ग दाखवला त्यांना वृत्तान्त देणे लागतो.

पहिल्या दिवशी सराफ_गल्ली जिंकले. धुके इतके होते की हॉटेलच्या दारातून रस्ता दिसत नव्हता, आणि आमचे आरक्षण त्या दिवसाचे नव्हते म्हणून बचावलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे निघाले. स्थानकावर तासभर आधी पोहोचलो, कारण वडिलांना इंजिन जोडताना पाहायचे होते. ते पाहून म्हणाले, ‘एवढेसे?’ वायजी या मीटरगेजच्या मोठ्या इंजिनाच्या भट्टीत वाकून फावडे मारलेल्या माणसाला ते चार चाकांचे निळे इंजिन खेळण्यासारखे वाटले असावे.

गाडी सुटली तेव्हा दोन्ही बाजूंना फवारे सुटले आणि फलाटावरचे पर्यटक किंचाळत मागे सरले. वडील हसले. पुढच्याच डब्यात आम्ही होतो आणि खिडकी उघडी होती. मागच्या बाकावरच्या कुटुंबाने दोनदा विनंती केली, शेवटी आईने त्यांच्या मुलाला तिळाच्या वड्या देऊन तह केला. बाजारातून जाताना दुकानातल्या टोपल्यांना हात लागेल इतक्या जवळून गाडी जाते. सराफ_गल्लींचा प्रश्न मला तेथे आठवला, कारण एका बाईने गाडीचा आवाज येताच दोरीवरची चादर ओढून आत घेतली. तिच्या हालचालीत राग नव्हता, घाईही नव्हती. रोजचे काम होते.

बाटासियाच्या अलीकडे सावलीतला रूळ ओला होता. एका ठिकाणी चाके घसरली. वडील तोवर दरी पाहत होते. ते मान न वळवता म्हणाले, ‘वाळू टाक.’ दोन क्षणांनी चाके धरली. बाटासियाच्या वळणावर गाडी थांबते, तेथे गोरखा सैनिकांचे स्मारक आहे आणि समोर कांचनजंगा. सगळे प्रवासी तिकडे पाठ करून स्वतःची छायाचित्रे काढत होते. वडील इंजिनाकडे पाठ करायला तयार नव्हते, त्यामुळे आमच्या छायाचित्रात शिखर नाही.

घूमला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जाते. तेथे ते ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारले, त्याने त्याच्या मोडक्या हिंदीत सांगितले. आत चढण्याची परवानगी नव्हती आणि त्यांनी मागितलीही नाही. खालूनच त्यांनी पाण्याची काच पाहिली, दाबाचा काटा पाहिला, आणि मला म्हणाले, ‘बाजूला हो, आता उडेल.’ मी विचारेपर्यंत सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. तोटीच्या तोंडाशी वीतभर जागा खरोखरच रिकामी दिसते. मी ती या धाग्यामुळे शोधली. ड्रायव्हरने वडिलांकडे बोट दाखवून फायरमनला नेपाळीत काहीतरी सांगितले आणि दोघे हसले.

थंडीचा त्रास झाला नाही. आईचे गुडघे संध्याकाळी दुखले, पण ते मॉल रोडच्या चढामुळे.

गंगापूर_रोड (२८ जानेवारी, रात्री ९.५०)

‘वाळू टाक’ वाचून अंगावर काटा आला. आता मेट्टुपालयम कधी?

ओझरवाली (२८ जानेवारी, रात्री १०.०२)

स्वेटर कोणत्या रंगाचे होते?

अंकाईकर (२८ जानेवारी, रात्री १०.२५)

ओझरवालीताई, बहिणीचे बदामी होते, आता राखाडी आहे.

एक राहिले. आज वडिलांनी चष्मा लावून हा संपूर्ण धागा वाचला आणि कोळसा_आणि_पाणी यांच्यासाठी निरोप दिला आहे. तो त्यांच्याच शब्दांत लिहितो: ‘साहेबांना सांग, ताजा कोळसा टाकला की घटकाभर काळा धूर येणारच. फायरमन कच्चा म्हणून नव्हे. काळा धूर येऊच नये असे म्हणणाऱ्याने सिंगरेणी खाणीचा कोळसा एक रात्र तरी टाकून पाहावा.’

कोळसा_आणि_पाणी (२८ जानेवारी, रात्री १०.४०)

मान्य. मी शेडमध्ये होतो, फूटप्लेटवर, म्हणजे चालत्या इंजिनात, नव्हे. त्यांना माझा नमस्कार सांगा.